मेंदूचा फोटो दाखवला तर वडिलांना पटेल का?

वाचकाचा प्रश्न

पत्र लिहिणारा मुलगा २३ वर्षांचा आहे. पदवीचे शेवटचे दोन विषय राहिलेत, तेही दुसऱ्यांदा. रात्री दहाला हेडफोन कानावर चढतात आणि पाच जणांची टीम ऑनलाइन जमते. हेडफोन उतरतात तेव्हा साडेतीन-चार वाजलेले असतात. "शेवटच्या दोन-तीन मॅचमध्ये मजासुद्धा येत नसते," असं तो लिहितो, "तरी मॅच संपली की बोट पुढच्या मॅचच्या बटणावर जातं. मी ठरवायच्या आधीच." तीनदा त्याने गेम काढून टाकला आणि तीनदा परत घेतला. वडील म्हणतात, शिस्त नाही, माज आहे नुसता. दादा म्हणतो, कम्प्युटर विकून टाकतो, मग बघू. आई काहीच म्हणत नाही, आणि ते जास्त लागतं.

मध्यंतरी त्याच्या वाचनात आलं की ज्यांना गेम आवरत नाही त्यांच्या मेंदूतली नेटवर्क्स इतरांपेक्षा वेगळी दिसतात. आधी हायसं वाटलं, मग भीती. आता तो तीन गोष्टी विचारतोय. असा स्कॅन कुठला असतो आणि तो करून वडिलांपुढे ठेवला तर हा आजार आहे हे त्यांना पटेल का? मेंदूच वेगळा असेल तर आपण धडपडून उपयोग काय? आणि हे कायमचं असतं का?

उत्तर

तू माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, नाहीतर हे वाचता वाचता तू अपॉइंटमेंट घेशील. स्कॅन करू नकोस. तुला हवा आहे तसा स्कॅन अस्तित्वातच नाही. एमआरआय बघून कुठल्याही डॉक्टरला 'याला गेमिंगचा विकार आहे' असं सांगता येत नाही, आणि कुणी तसं सांगायला लागलं तर तिथून उठून यावं. तू साधा एमआरआय केलास तर बहुतेक रिपोर्ट 'नॉर्मल' येईल आणि वडिलांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. "बघ, मशीनसुद्धा म्हणतंय तुला काही झालेलं नाही." मग काय बोलणार आहेस?

निदान होतं ते बोलून. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आता आहे. ही यादी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतोय का, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे किंवा वाढतंय का. हे साधारण वर्षभर दिसायला हवं, आणि घर, शिक्षण, काम, नाती यांपैकी कशाला तरी त्याने चांगलाच फटका बसलेला असायला हवा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये डीएसएम-५ हे मानसिक विकारांच्या निदानाचं पुस्तक काढलं तेव्हा त्यातही नऊ लक्षणं दिली, वर्षभरात पाच दिसली तर विचार करा म्हटलं, आणि हा सगळा मजकूर 'अजून अभ्यास व्हायला हवा' या विभागात ठेवला. दोन्ही ठिकाणी स्कॅन नाही. दोन्ही ठिकाणच्या निकषांत तासांचा आकडाही नाही. हे दुसरं मी मुद्दाम सांगतेय, कारण हे सदर वाचणाऱ्यांत रोज तीन-चार तास खेळून कामावर वेळेवर जाणारे, घरच्यांशी धड बोलणारे, नीट झोपणारे लोकही असतील. त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून स्वतःला आजारी ठरवून घेऊ नये. मनापासून खेळणं हा काही रोग नाही.

तुझं प्रकरण तसं नाही, हे तुलाही माहीत आहे. दोन विषय दुसऱ्यांदा राहिले, ठरवून तीनदा सुटलं नाही, मजा संपल्यावरही खेळणं चालू आहे. निदान मी करणार नाही, पत्रावरून ते करताही येत नाही. पण मानसोपचारतज्ज्ञाला किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटण्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी फोटोचा पुरावा लागत नाही.

आता त्या 'हायसं वाटलं'कडे वळते. मी ते दोनदा वाचलं. मला दिसतं ते असं: तुझ्या घरात दोनच खुर्च्या मांडलेल्या आहेत. एकीवर 'आजार' लिहिलंय, दुसरीवर 'माज'. वडील तुला दुसरीवर बसवतात, तू पहिलीवर बसायला धडपडतोस, आणि त्यासाठी तुला स्कॅनचं प्रमाणपत्र हवंय. गंमत म्हणजे तुम्हा दोघांचं गृहीतक एकच आहे. मेंदूचं असेल तर दोष नाही, मनाचं असेल तर दोषच दोष. पण मन राहतं कुठे मग? ज्या शिस्तीबद्दल वडील बोलतात तीसुद्धा मेंदूतच असते, कोपरात नाही. रोज पाचला उठणाऱ्याचा मेंदूही 'वेगळा'च असणार. त्याला कुणी रिपोर्ट मागत नाही इतकंच.

म्हणून तू वाचलेलं संशोधन जरा नीट बघू. ते खोटं नाही. तू त्याच्याकडून भलतंच काम करून घेतोयस.

या अभ्यासांत बहुतेक वेळा फंक्शनल एमआरआय वापरतात. माणूस मशीनमध्ये निश्चल पडून राहतो आणि मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातला ऑक्सिजन कसा बदलतो ते मोजतात. विचार दिसत नाहीत, भावना दिसत नाहीत, रक्त दिसतं. १९९५ मध्ये भरत बिस्वाल या तरुण संशोधकाने एक साधीच पण विलक्षण गोष्ट दाखवली. माणूस बोटही हलवत नसताना त्याच्या मेंदूतले डाव्या आणि उजव्या हाताचे भाग एकाच लयीत वरखाली होत होते. म्हणजे एकत्र काम करणारे भाग, काम नसतानाही, एकमेकांशी धागा राखून असतात. त्या धाग्यांवरून आज नेटवर्क ओळखतात.

गेमिंगच्या अभ्यासांत तीन नेटवर्कांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. मेंदूसंशोधक विनोद मेनन यांनी २०११ मध्ये या तिघांना एकत्र मांडलं आणि अनेक मानसिक त्रासांकडे त्यातून पाहता येतं असं सुचवलं. पहिलं, बाहेर काही काम नसताना जागं होणारं. स्वतःबद्दलचे विचार, आठवणी, उद्याची चिंता, स्वप्नरंजन हे याच्या अंगणात. दुसरं, धरून ठेवणारं. आकडेमोड, योजना, 'आत्ता नको, नंतर' म्हणणारं. आणि तिसरं देवडीवर बसलेलं. आत-बाहेर जे काही चाललंय त्यातलं या क्षणी महत्त्वाचं काय, हे ते ठरवतं आणि त्याप्रमाणे पहिल्याकडून दुसऱ्याकडे सूत्रं देतं. ते इन्सुला नावाच्या आत दडलेल्या घडीत आणि कपाळामागच्या मधल्या पट्ट्यात असतं. या तिघांखेरीज खोल आत स्ट्रायेटम आहे. बक्षिसाची ओढ आणि सवयी यांचा त्याच्याशी जवळचा संबंध.

खेळ न आवरणाऱ्यांच्या गटांत काय दिसतं? गेमची चित्रं दाखवली की ओढीशी संबंधित भाग जास्त पेटतात. 'थांब' म्हणायची परीक्षा घेतली की धरून ठेवणाऱ्या भागांचं वागणं वेगळं दिसतं. स्ट्रायेटम आणि कपाळामागचे भाग यांच्यातले धागे सरासरीने वेगळे निघतात. देवडीवरच्याला गेमची चाहूल चटकन लागते आणि बाकीच्यांना तो ताटकळत ठेवतो, असा एकंदर अर्थ लावला जातो. तुझ्या पत्राशी ते जुळतं, मान्य.

पण 'सरासरीने' हा शब्द सोडू नकोस. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते. म्हणून मी तुला 'एक व्यक्ती आहे, उंची पाच फूट सहा इंच' एवढंच सांगितलं तर ती बाई की पुरुष हे तू छातीठोक सांगशील? मेंदूच्या नेटवर्कांतले फरक तर त्याहून बारीक असतात आणि दोन्ही गट एकमेकांत चांगलेच मिसळलेले असतात. त्यातून हे अभ्यास बरेचदा लहान, काही डझन तरुणांचे, त्यातही मुलगेच जास्त, आणि निष्कर्ष दरवेळी तंतोतंत जुळत नाहीत. २०२२ मध्ये नेचर नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या कामाने दाखवलं की मेंदूची चित्रं आणि माणसाचं वागणं यांचा संबंध खात्रीने लावायचा तर हजारोंनी माणसं लागतात. त्याआधी २०२० मध्ये एकच फंक्शनल एमआरआय माहिती संशोधकांच्या ७० चमूंना दिली, तर त्यांची उत्तरं ठिकठिकाणी वेगळी आली. आणि २००९ ची ती मेलेल्या माशाची गोष्ट तर मला फार आवडते. काही संशोधकांनी मेलेला सॅमन मासा मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो 'दाखवले', आणि आकडेमोडीत एक आवश्यक काळजी मुद्दाम घेतली नाही. माशाच्या मेंदूत हालचाल दिसली! त्यांना हेच सांगायचं होतं की हिशेब नीट केला नाही तर मेलेलाही विचार करताना दिसतो.

पण म्हणून या शास्त्राला कमी लेखू नकोस. गटांबद्दल शिकण्यासाठी ते आहे, एका मुलाचा त्याच्या वडिलांशी चाललेला खटला लढण्यासाठी नाही.

आधी काय झालं, मेंदू वेगळा की खेळणं जास्त, हेही एका वेळी काढलेल्या चित्रावरून कळत नाही. काहींचा मेंदू मुळात ओढाळ असेल. काहींचा हजारो तास खेळून तसा घडला असेल. बहुतेकांत दोन्ही थोडं थोडं असावं असं मला वाटतं. सरावाने मेंदू बदलतो हे तर नक्की. २००४ मध्ये एका जर्मन गटाने नवख्या लोकांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवलं. तीन महिन्यांत हलत्या वस्तू टिपणारा त्यांच्या मेंदूतला भाग थोडा वाढलेला दिसला. मग त्यांना सराव सोडायला सांगितला. आणखी तीन महिन्यांनी तो बराचसा ओसरला होता. हा प्रयोग गेमचा नव्हता, आणि चेंडू झेलण्याच्या ओढीने कुणाची परीक्षा बुडत नाही, तेव्हा तो तुझ्यावर जसाच्या तसा लावू नकोस. पण 'कायमचं असतं का' असं विचारतोस म्हणून सांगितलं. मेंदूतला फरक म्हणजे दगडावरची रेघ, हे डोक्यातून काढ.

आता मला तुझ्या बोटाबद्दल बोलायचंय.

"मी ठरवायच्या आधीच." हे लिहून तू मोठं काम केलंयस. कित्येक लोक वर्षानुवर्षं खेळतात, त्यांच्या हे लक्षातही येत नाही. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या दोन संशोधकांनी हवंसं वाटणं आणि आवडणं या गोष्टी मेंदूत वेगळ्या असतात हे दाखवून दिलं. ज्या उंदरांमधलं डोपामिन, म्हणजे ओढीशी जोडलेलं मेंदूतलं एक रसायन, जवळजवळ संपवलेलं होतं ते समोरचं अन्न खायलाही जाईनात. पण गोड पाणी तोंडात सोडलं की त्यांच्या चेहऱ्यावर पसंती आधीसारखीच उमटायची. आवड शाबूत होती, ओढ गेलेली. तुझ्या रात्री तीनच्या मॅचमध्ये याच्या उलट चाललंय. आवड गेलीय, ओढ शिल्लक आहे. पत्रात तू त्याला 'मी मूर्ख आहे' असं नाव दिलंस. मी तसं म्हणणार नाही.

डोपामिनवर हल्ली कुणीही काहीही बोलतं, म्हणून एवढंच सांगते. १९९८ मध्ये आठ पुरुषांना रणगाड्याचा साधा व्हिडिओ गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूत डोपामिन सुटतं हे पहिल्यांदा मोजलं गेलं. त्यातले कुणी व्यसनी नव्हते. डोपामिन सुटणं म्हणजे व्यसन असतं तर आपण सगळेच गेलो असतो. वुल्फ्राम शुल्ट्झ या संशोधकाच्या माकडांवरच्या प्रयोगांतून कळलं की डोपामिनच्या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की उसळतात, अपेक्षेइतकंच मिळालं की गप्प राहतात आणि अपेक्षित ते मिळालं नाही की खाली बसतात. आता तुझा गेम बघ. कधी जिंकणार माहीत नाही. रँक एका मॅचवर अडकलेली. हरलात तर थोडक्यात हरलात. देवडीवर बसलेल्याला झोप येऊच नये अशीच ही व्यवस्था आहे, आणि ती करणारे लोक त्यांच्या कामात हुशार असतात.

मागे एका रविवारी मी भाच्याच्या मशीनवर बसले. म्हटलं, लोकांना सल्ले देते, निदान बघू तरी. पहिल्या चार मॅच मी नुसतीच मरत होते. पाचवीत आम्ही जिंकलो, त्यात माझा हातभार शून्य होता. तरीही टीममधल्या कुणीतरी 'वेल प्लेड' लिहिलं आणि मी पन्नाशीतली बाई खुर्चीत ताठ बसले. मॅच संपल्यावर निकालाचा पडदा आला आणि त्याच पडद्यावर कोपऱ्यात पुढच्या मॅचचं बटण, आकडे उलटे मोजत. दाराबाहेर पडायला जागाच नाही. एका मॅचमधून निघायचं ते थेट दुसऱ्यात.

तुझं सगळं भांडण त्या आठ-दहा सेकंदांत आहे. सहा तासांशी लढायला जाशील तर हरशील, तीनदा हरलायसच. ते सेकंद मात्र बदलता येतात.

पण त्याआधी तुझ्या पत्रातली एक ओळ, जी तू जाता जाता लिहिलीस आणि पुढे गेलास. "तिथे निदान माझी वाट बघतात." मी तारखा जुळवून पाहिल्या. तुझा पहिला विषय राहिला तो तिसऱ्या वर्षी. तेव्हा तू शनिवार-रविवारीच खेळायचास. त्यानंतर मित्र पुढे गेले, नोकऱ्यांना लागले, तू मागे राहिलास, आणि मग रोज रात्रीचं सुरू झालं. म्हणजे गेममुळे अभ्यास बुडाला ही वडिलांची कहाणी अर्धीच आहे. अभ्यास आधी बुडाला होता. गेम ही त्यानंतरची अशी जागा होती जिथे तुला काहीतरी येतं, जिथे तुझं नाव माहीत आहे आणि रात्री दहाला तू आला नाहीस तर कुणी विचारतं. दिवसा तुला असं कोण विचारतं? ही भूक खोटी नाही. गेम नुसता काढून घेतला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही तर तू चौथ्यांदाही परत घेशील. म्हणून डॉक्टरांना भेटशील तेव्हा गेमबद्दल सांग, पण तिसऱ्या वर्षी काय झालं तेही सांग. नैराश्य, चिंता, लहानपणापासून लक्ष न लागणं, यांपैकी काही खाली दडलेलं असू शकतं. ते सापडलं तर त्याचा वेगळा इलाज आहे.

करायचं काय, ते सांगते. सगळं एकदम करू नकोस.

हा आठवडा काहीच बंद करू नकोस. एक वही घे. तास लिहू नकोस, प्रत्येक वेळी खेळायला बसण्याच्या आधीची पाच मिनिटं लिही. कुणाशी काय बोलणं झालं, काय आठवलं, कसला मेसेज आला. आणि मजा कितव्या मॅचला संपली तेही. माझा अंदाज आहे की ती तिसऱ्या-चौथ्या मॅचला संपत असणार. हा आकडा तुझा तुला कळला की थांबायची जागा बाहेरून लादावी लागत नाही.

मग ते सेकंद. किती मॅच खेळायच्या हे बसण्याआधी ठरव, मॅच संपल्यावर नाही. तेव्हा तू ठरवायच्या स्थितीत नसतोस, तूच लिहिलंयस. आपोआप पुढच्या मॅचला नेणारी सोय सेटिंगमध्ये बंद होत असेल तर कर. ठरलेल्या शेवटच्या मॅचला हेडफोन काढून उभा राहा, निकालाचा पडदा उभ्याने बघ. वेडगळ वाटेल, पण उभ्या माणसाला बटण दाबायला परत खाली बसावं लागतं, आणि तेवढ्या वेळात देवडीवरच्याला दुसरीकडे बघायची संधी मिळते. कम्प्युटर झोपायच्या खोलीतून बाहेर काढ. रोजची हजेरी लावली की बक्षीस देणाऱ्या सूचना बंद कर. पैसे टाकून गेममधल्या नशिबाच्या पेट्या उघडायची सवय असेल तर कार्डाची माहिती गेममधून काढून टाक, यावर जास्त बोलत नाही.

टीमला सांग. हे तू टाळशील, कारण लाज वाटेल. "बारानंतर मी नसेन, विषय काढायचेत," एवढंच. पाचांतला एक बाराला जाणार हे ठरलं की बाकीचे दुसरा बघतात. आणि त्या चौघांत आणखी कुणाचे विषय राहिलेत का, तेही तुला कळेल. मला नवल वाटणार नाही.

झोपायची वेळ आटोक्यात येत नाही, उठायची येते. कितीही वाजता झोपलास तरी ठरल्या वेळी ऊठ. पहिले चार दिवस वाईट जातील. चिडचिड होईल, रिकामं वाटेल, हात गेमकडे जाईल. बरेच लोक याच दिवसांत म्हणतात की जमत नाही. मधे एखादी रात्र पूर्ण जाईलही. गेली तर वहीत लिही आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी ऊठ, सगळं पहिल्यापासून सुरू करत बसू नकोस.

दोनपैकी एकच विषय आधी घे, त्यातला जो कमी भीतीदायक आहे तो. दुपारी, खोलीबाहेर, आणि शक्यतो अशा जागी जिथे कुणीतरी तुझी वाट बघत असेल. वाचनालयात रोज भेटणारा एक जणसुद्धा चालेल.

उपचाराबद्दल एक आकडा देते, धीर यावा म्हणून. जर्मनी आणि ऑस्ट्रियात गेम आणि इंटरनेट न आवरणाऱ्या १४३ पुरुषांवर एक चाचणी झाली, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना याच त्रासासाठी आखलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती दिली, बाकीचे प्रतीक्षायादीत. उपचार घेतलेल्यांत सुमारे ६९ टक्के लोक त्या त्रासातून बाहेर आले, वाट बघणाऱ्यांत सुमारे २४ टक्के. प्रतीक्षायादीशी तुलना केली की उपचार नेहमीच जरा उजळ दिसतो, हे ध्यानात ठेव. तरीही हा आकडा लहान नाही. आणि ते सगळे तुझ्यासारखेच होते, 'वेगळ्या मेंदूचे'. त्या वेगळ्या मेंदूंनीच ते केलं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

एक गोष्ट आत्ताच विचारून ठेवते. जगणं नकोसं वाटतं असं कधी मनात येतं का? येत असेल तर वही, मॅच, विषय सगळं बाजूला ठेव. आज आईला सांग आणि आजच डॉक्टरांकडे जा.

राहिले वडील. ते हे वाचतील असं तू म्हणतोस, म्हणून दोन ओळी त्यांना. भाऊसाहेब, मुलाला शिस्त नाही हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही, पण शिस्त ही ओरडून देता येत नाही, नाहीतर एव्हाना आली असती. चीनने २०१९ मध्ये मुलांच्या खेळण्याच्या वेळेवर कायद्याने बंधन घातलं. नंतर संशोधकांनी अब्जावधी तासांच्या नोंदी तपासल्या, तर अतिखेळणं कमी झाल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही. सरकारला जमलं नाही ते मोठ्या मुलाने कम्प्युटर विकून जमेल असं मला वाटत नाही. मधेच वायर ओढू नका. ही मॅच मधे थांबवता येत नाही, चार जण अडकतात, आणि मुलगा तुमच्यावरचा राग घेऊन दुसऱ्या दिवशी दुप्पट खेळतो. 'ही संपली की ऊठ' म्हणा आणि तिथेच उभे राहा. त्या वेळी कुणीतरी शेजारी असणं फार उपयोगी पडतं. आणि बाराला उठला तर त्यावर काही बोलू नका, 'एवढंच?' असंही नाही.

मित्रा, तू वडिलांना लेख दाखवू नकोस, वही दाखव. 'मला हे एकट्याने जमत नाही, डॉक्टरांकडे जायचंय, तुम्ही बरोबर या' असं म्हण. आजार की माज हा प्रश्न त्यांनी काढलाच तर तो डॉक्टरांपुढे काढू दे. मला वाटतं तिथे तो फार वेळ टिकणार नाही. नाही आले, तर आईला ने. ती बोलत नाही म्हणजे तिला सांगायचं नाही असं नाही.

सुरुवात हवी असेल तर आज रात्री काही सोडू नकोस. मॅच संपली की बोट बटणावर जायला किती वेळ लागतो तेवढं मोज आणि मला कळव. त्या रविवारी सहाव्या मॅचपासून मीही मोजायला लागले होते. मला चार सेकंद लागत होते, आणि मला तर तो गेम आवडलाही नव्हता.